वैजयंतीच्या बाजूचा फोम

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी.

आजपासून झोपेची डायरी. यूट्यूबवरच्या डॉक्टरांचं म्हणणं, झोप सुधारायची तर आधी ती लिहून काढा. पाइप कंपनीने नवीन वर्षाची डायरी दिली होती, कोरीच पडून होती. कव्हरवर केळीच्या बागेतल्या ठिबकचा फोटो. चालेल.

कालची झोप: ठीक.

वैजयंती संक्रांतीपासून नेपानगरला, रंजिताकडे. जाताना म्हणाली, पाठ दुखते, थोडे दिवस लेकीकडे राहते. मी म्हणालो राहा. नंतर विचार केला. नेपानगरला लेक आहे, जावई आहे, पेपर मिलचं क्वार्टर आहे. पण पाठीचं औषध तिथे काही वेगळं मिळत नाही. म्हणजे दोष इथल्या गादीत. आमच्या लग्नातली कापसाची गादी. दोनदा पिंजून घेतली, तरी मध्ये गाठी आहेतच.

निदान झालं. आता उपाय.

४ फेब्रुवारी, मंगळवार

ऑर्डर टाकली. मेमरी फोमचा टॉपर, डबल बेडचा.

रितेशला इंदूरला फोन करून सांगितलं की आईसाठी नवी गादी मागवली. तो म्हणाला, पप्पा, टॉपर म्हणजे गादी नसते, गादीवर टाकायचा थर असतो. गादीच का नाही बदलत? मी म्हणालो, गादी चांगली आहे. तो म्हणाला, मग टॉपर कशाला? मुलाला एम.बी.ए. केलं पण मुद्दा पकडता येत नाही.

आयडिया माझी स्वतःची. नोव्हेंबरात इंदूरला डीलर मीट होती. हॉटेलच्या पलंगावर बसलो तर हळूहळू आत गेलो. कुणी दोन्ही हातांवर झेलून धरावं तसं. इतकी झोप मला लहानपणानंतर लागलीच नव्हती. सकाळी चादर उचलून बघितलं, खाली हा थर. रूम सर्व्हिसच्या माणसाकडून नाव लिहून घेतलं. त्याच दिवशी दापोऱ्याला, वैजयंतीच्या माहेरी, सासूबाईंचं दहावं होतं, त्यामुळे वैजयंतीला लगेच सांगता आलं नाही. घरी आल्यावर सांगितलं. ती मेथी निवडत होती. ऐकलं की नाही, माहीत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

पार्सल आलं. आधी वाटलं, चुकीचं पाठवलं. आमच्या ठिबकच्या दुकानातल्या नळीच्या बंडलाएवढा गोल रोल, प्लॅस्टिकमध्ये आवळून बांधलेला. चंदनने दुकानातून घरापर्यंत गाडीवर आणून दिला, जिना चढवून दिला. वीस वर्षं माझ्याकडे आहे, पण फोम त्याने कधी पाहिला नव्हता. सेठ, यात भाभीजी झोपणार? म्हणाला. मी म्हणालो, यात नाही, यावर.

सूचना अशी की कात्री वापरू नका. कात्री सापडत नव्हतीच, ब्लेड वापरलं. फोमला एका कोपऱ्यावर चीर गेली, वीतभर. काही हरकत नाही. तो कोपरा माझ्या बाजूला घेतला. वैजयंतीची बाजू एकदम कोरी.

दोन तासांत फुगतो असं लिहिलं होतं. संध्याकाळपर्यंत तीन कोपरे फुगले. चिरेचा कोपरा विचार करतोय.

९ फेब्रुवारी, रविवार. सकाळी.

पहिली रात्र. झोप: उत्तम म्हणता येईल.

वास येतो. नव्या टायरसारखा. खिडक्या उघड्या ठेवल्या, तर डास. खिडक्या लावल्या, तर वास. शेवटी अर्धी उघडी ठेवली, दोन्ही आले. फोम थंडीत कडक होतो हे हॉटेलवाल्याने सांगितलं नव्हतं. पाट टाकून झोपल्यासारखं वाटलं. पण डॉक्टर म्हणतात, पाठीला कडक चांगलं. म्हणजे बरोबर चाललंय.

वैजयंतीला फोन करून सरप्राइज सांगणार होतो. तिनेच केला. पाण्याची टाकी धुवून घेतली का, विचारलं. मी हो म्हणालो. गॅस नोंदवला का? हो म्हणालो. बरं म्हणाली. फोन ठेवला. फोमचा विषय राहिला.

संकल्प: टाकी धुवून घेणे. गॅस नोंदवणे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पलंग उंच झाला आहे. आधी कापसाची गादी, तिच्यावर चार इंची टॉपर. बसलं की पाय जमिनीला टेकत नाहीत. चादर कोपऱ्यांना पुरत नाही, सकाळपर्यंत गोळा होऊन मानेखाली येते. दुकानातल्या पाइपच्या क्लिपा लावून बघितल्या. एक क्लिप रात्री पाठीत घुसली. माल चांगला आहे, पकड पक्की.

माझ्या बाजूला माझा आकार उमटला आहे. मेमरी फोमचं हेच वैशिष्ट्य, माणूस लक्षात ठेवतो. दिवसभरात खड्डा भरून यायला हवा. येईल.

तिच्या बाजूला मी चुकूनही जात नाही. तिला नवाकोरा मिळाला पाहिजे.

टाकी: उद्या.

२ मार्च, रविवार

एक छोटी गोष्ट. काल रात्री पलंगावरून खाली आलो. पडलो असं म्हणणार नाही. कडेला फोम दबतो आणि माणूस घसरतो, टेक्निकल बाब आहे. उजवा गुडघा थोडा सुजला. डाव्या हाताला रोज सकाळी मुंग्या येतात, नंतर हात बधिर. चहाचा कप धरलाय की नाही, हे बघून खात्री करावी लागते. डॉक्टरांचा व्हिडिओ परत बघितला. म्हणतात, शरीराला नवीन बिछान्याची सवय व्हायला वेळ लागतो. शरीर माझं आहे, वेळ घेणारच.

दुकानात सगळ्यांना सांगतो की झोप एक नंबर लागते. दोन शेतकऱ्यांनी पत्ताही मागितला.

चंदन म्हणाला, सेठ, आजकाल तुम्ही काउंटरवर बैठे बैठे सो जाते हो. मी म्हणालो, चांगल्या झोपेचा इफेक्ट आहे, दिवसभर राहतो.

१६ मार्च, रविवार. रात्री जेवून.

नेपानगरला जाऊन आलो. प्रत्यक्ष सांगितलेलं बरं. वैजयंतीला आवडतो म्हणून आपल्या बुऱ्हाणपूरचा गोड दराबा नेला.

दुपारी पोचलो. रंजिताने दार उघडलं, बोटाने गप्प राहा म्हणाली. आतल्या खोलीत वैजयंती झोपली होती. फरशीवर. एक पातळ सतरंजी, उशीसुद्धा नाही, हात डोक्याखाली. इतकी गाढ की मी दराब्याचा डबा ठेवताना तो पडला, तरी हलली नाही.

मी रंजिताला हळूच विचारलं, पाठ? ती म्हणाली, पाठीला काय झालंय? महिना झाला, रोज सकाळी क्वार्टरच्या लाइनीतल्या बायकांबरोबर फिरायला जाते. शेजारच्या वर्षाताईंकडच्या मशीनवर ब्लाउज शिवते. सगळी लाइन तिच्याकडे ब्लाउज टाकते.

मला आनंद झाला. पाठ बरी, म्हणजे आता यायला हरकत नाही. तसं म्हणालो. रंजिताने पडलेला डबा उचलून ठेवला. मग म्हणाली, पप्पा, आजीच्या दहाव्याला तुम्ही का नाही आलात? मी म्हणालो, डीलर मीट होती, तुला माहीत आहे. ती म्हणाली, अंत्यविधीलाही तासभरच थांबलात. मी म्हणालो, माल उतरत होता. ती म्हणाली, आई दहाव्याच्या दिवशी नामदेवमामांच्या दारात उभी होती, मामी सारखी आत बोलवत होती आणि ती म्हणत होती, येतीलच ते.

विषयाला सोडून बोलणं झालं. गादीचा आणि याचा काही संबंध नाही.

वैजयंती उठली. मला बघून म्हणाली, अहो, केव्हा आलात? जेवलात का? मी टॉपरबद्दल सगळं सांगितलं. मेमरी, घनता, वॉरंटी. तिने पूर्ण ऐकलं. मग म्हणाली, टाकी धुतली का?

बसमध्ये वाटलं, आपण खूप बोललो पण काहीतरी राहिलं. काय, ते आठवलं नाही.

१७ मार्च, सोमवार

फरशीवर का झोपते याचा उलगडा झाला. क्वार्टर लहान, पलंग कमी. लेकीला अडचण नको म्हणून. स्वभाव आहे तिचा. बोलून दाखवणार नाही.

म्हणजे टॉपरची गरज दुप्पट.

३० मार्च, रविवार. पाडवा.

आज येईल अशी तयारी ठेवली होती. तशी ती येते म्हणाली नव्हती. पण पाडवा आहे. गुढी मीच उभारली, तांब्या तिरपा बसला. नवी चादर आणली, मोठ्या मापाची, कोपऱ्यांना इलास्टिकवाली. तिच्या बाजूला हात फिरवून बघितला. सपाट, गार, दुकानातून आल्यासारखी. माझ्या बाजूचा खड्डा आता दिवसाही भरत नाही. व्हिडिओत सांगतात, टॉपर फिरवून घाला. पण फिरवला तर खड्डा तिच्या बाजूला जाईल. त्यामुळे नाही.

दुपारी फोन आला. पाडव्याच्या शुभेच्छा दिल्या. कडुनिंब खाल्ला का, म्हणाली. हो म्हणालो.

झोप: चांगली. हात: तसाच.

नवीन प्लॅन. आखाजी. अक्षय तृतीया, वर्षाचा मोठा सण, तेव्हा सगळे घरी असतात. आखाजीआधी तिला घरी आणायचं, हे पक्कं.

१३ एप्रिल, रविवार

इथला, बुऱ्हाणपूरचा पारा बेचाळीसवर गेला. फोम उन्हाळ्यात मऊ होतो. फेब्रुवारीत पाट होता, आता शिरा झाला आहे. अंग टाकलं की तो सगळ्या बाजूंनी वर येतो आणि धरून ठेवतो. कूस बदलायची तर आधी उठून बसावं लागतं. कूलर लावला तरी खालून गरम. बनियन रात्रीतून दोनदा बदलतो.

पण हॉटेलसारखं वाटायला लागलं आहे, हे महत्त्वाचं. हॉटेलात ए.सी. होता, एवढाच फरक.

आज दुकानात एक बाई फिल्टर बदलून मागत होत्या. मी हो हो म्हणालो. त्या गेल्यावर चंदन म्हणाला, सेठ, ती सासूच्या आजारपणाचं सांगत होती, तुम्ही हसत होतात. मी ऐकलंच नव्हतं. हसलो असेन. वाईट वाटलं का, तर खरं म्हणजे काही वाटलं नाही. हाताचं जे झालं आहे ते आता इतर ठिकाणीही असेल. व्हिटॅमिनची गोळी सुरू करावी.

२७ एप्रिल, रविवार

दापोऱ्याहून नामदेवचा फोन. वैजयंतीचा धाकटा भाऊ, केळीवाला, आपल्याकडूनच ठिबक नेतो. म्हणाला, दाजी, बुधवारी आखाजी. आईच्या नावाची घागर भरायची आहे, पहिलंच वर्ष. ताई रंजितासोबत सरळ इकडेच येऊन राहिली आहे. तुम्ही या बरं का, बाराच्या आत या. ताईने नाही सांगितलं, मीच सांगतो आहे.

आधी घरी आणायचा प्लॅन थोडा बदलला. आता आखाजीला दापोऱ्याला जायचं, घागरीला हजर राहायचं, आणि संध्याकाळी तिला घेऊनच यायचं. हे जास्त चांगलं आहे. रंजिताच्या त्या दहाव्याच्या प्रश्नाचंही आपोआप होऊन जाईल.

चंदनला सांगून ठेवलं, बुधवारी दुकान बंद. सणाच्या दिवशी मी दुकान बंद ठेवतो याचं त्याला आश्चर्य वाटलं. नवीन पांढरा शर्ट इस्त्रीला दिला. सासूबाई मालूबाईंचा फोटो मोबाइलमध्ये शोधला. एकही नव्हता. एका फोटोत पाठमोऱ्या आहेत, बाजूला पाण्याचा पंप. पंपाचाच काढला होता.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी. सकाळी सहा.

उठलो. आंघोळ झाली. शर्ट घातला. कूलरमध्ये पाणी टाकलं. गाडीत पेट्रोल आहे. दापोरा लांब नाही, नऊला निघालो तरी चालेल. जरा पाठ टेकतो. शर्ट चुरगळू नये म्हणून सरळ झोपणार.

३० एप्रिल, रात्री.

आज झोप लागली. अशी की फेब्रुवारीपासूनची सगळी भरून निघाली. हात बधिर नाही, डास नाही, स्वप्न नाही. नुसता गेलो. तीन महिन्यांत टॉपरने पहिल्यांदा काम केलं.

जाग आली तेव्हा कूलर कोरडा आवाज करत होता. दोन वाजले होते. फोनवर नामदेवचे कॉल, रंजिताचे कॉल. वैजयंतीचा नव्हता.

दापोऱ्याला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. ओसरीत मातीची घागर ठेवलेली, वर खरबूज, फुलं मलूल झालेली. मी उभ्या उभ्या हात जोडले. नामदेव म्हणाला, या दाजी, बसा.  रंजिता आतून बाहेर आली, मला बघून परत आत गेली.

वैजयंतीने ताट वाढलं. पुरणपोळी, आमरस, कुरडई. मी एकटाच जेवायला, बाकी सगळ्यांचं झालं होतं. ती समोर बसली होती, आमरसाचं भांडं घेऊन. म्हणाली, झोप लागली होती का? तिने इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्या झोपेचं विचारलं. मी म्हणालो, हो, अगं एक नंबर लागली. आणि मग ओसरीतल्या सगळ्या पाहुण्यांना मी टॉपरबद्दल सांगितलं. हॉटेलपासून सुरुवात केली.  नामदेवची बायको सरस्वती उठून आत गेली, आतून भांडी आपटल्याचा आवाज आला.

वैजयंती म्हणाली, अजून रस घ्या. मी घेतला.

संध्याकाळी म्हणालो, चल. ती म्हणाली, आज इथेच राहते, आईचं घर आहे. बरोबर आहे, सण आहे. एकटा आलो.

शर्ट पूर्ण चुरगळला होता हे घरी आल्यावर आरशात दिसलं. पाठीवर चादरीच्या रेघा.

१ मे, गुरुवार

नीट विचार केला. ती रागावली असावी. राग ही चांगली गोष्ट आहे. राग येतो, जातो. गेला की माणूस येतं. वाट बघायची.

संकल्प: फोन करून माफी मागणे. शब्द तयार करणे.

४ मे, रविवार

शब्द तयार होत नाहीत. माफी कशाची, ते आधी ठरलं पाहिजे. झोप लागली याची माफी मागायची, तर झोप माणसाच्या हातात नसते. इंदूरची मागायची, तर ते जुनं झालं. टाकी मात्र धुवून घेतली. चंदनने आणि मी. आत काय काय निघालं ते लिहीत नाही.

फोन केला आणि टाकी धुतल्याचं सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं. आणि म्हणाली, पुढच्या रविवारी येते.

येते!

७ मे, बुधवार

घर झाडून घेतलं. नवी चादर धुतली. खड्ड्याचं काय करावं? माझ्या बाजूला खाली जुनी रजई घडी करून सारली. आता वरून सपाट दिसतं. झोपलं की टेकडी. माझं मी बघेन.

तिच्या उशीला नवा अभ्रा.

११ मे, रविवार. संध्याकाळी.

आली. रंजिता बरोबर होती, जावई महेशराव होते, आणि त्यांच्या मित्राची पिकअप. मी म्हणालो, पिकअप कशाला, सामान असं किती आहे तुझं? रंजिता म्हणाली, पप्पा, मशीन न्यायचं आहे.

वैजयंतीचं शिलाई मशीन. मागच्या खोलीत कपड्याखाली झाकून असतं. वर्षाताईंच्या मशीनवर किती दिवस शिवायचं, वैजयंती म्हणाली. ड्रायव्हरने आणि महेशरावांनी मशीन उतरवलं. मी जिन्यात उभा राहून डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या, सांगत होतो.

मग मी वैजयंतीला म्हणालो, एकदा झोपून बघ. पाच मिनिटं. तुझ्यासाठीच आणला आहे. तिने रंजिताला खाली थांबायला सांगितलं. चपला काढल्या. पलंग उंच झालाय, तिला चढायला जमेना, मी हात दिला. कोणता दिला ते नंतर कळलं, डावा. त्यामुळे तिचा हात हातात होता, पण मला जाणवला नाही.

ती उताणी पडली. पंख्याकडे बघत. मी पंखा वाढवला. विचारलं, कसा आहे? म्हणाली, छान आहे. मऊ आहे. मी म्हणालो, बघ, मी सांगत होतो. मी म्हणालो, मग?

 मला वाटलं, झोप लागली. बघितलं तर डोळे उघडे.

म्हणाली, अहो, मला राग नाही बरं का. रंजिताला वाटतं की आहे. आधी होता. नामदेवच्या दारात उभी होते त्या दिवशी इतका होता की मी घाबरले. आखाजीला थोडा आला, तुम्ही रस खात होता तेव्हा. आता शोधला तरी सापडत नाही. मी शोधला, खरंच.

मी म्हणालो, हे चांगलं झालं.

ती म्हणाली, हो ना.

मग उठली. उठताना फोमने धरून ठेवलं, तिला दोनदा जोर लावावा लागला. उतरली, आणि मागे वळून तिने चादरीची सुरकुती हाताने सरळ केली. मी म्हणालो, चहा ठेवतो. ती म्हणाली, नको, पिकअपवाल्याला दुसरं भाडं आहे. दुधाचं पातेलं घासायला तारेची घासणी वापरू नका, म्हणाली. जिना उतरली. महेशराव मागे मशीनपाशी बसले, रंजिता पुढे खिडकीला, ती मध्ये. मशीनला दोरी नीट आहे ना, एवढं तिने मागे वळून बघितलं.

तर एकूण भेट चांगली झाली. टॉपर आवडला. पाठ बरी आहे. राग नाही. जे जे अडलं होतं ते सगळं मोकळं झालं.

परत कधी येणार, हे विचारायचं राहिलं. उद्या फोन करतो.

१२ मे, सोमवार

दुकान उघडलं नाही. चंदनचे दोन फोन आले, नंतर तो स्वतः आला आणि खालून हाक मारून गेला. तब्येत ठीक आहे. ताप वगैरे नाही. नुसतं उठायला जमत नव्हतं.

झोप: